खोक्यावरचा आकडा गच्चीवर तपासून घ्या: रेडिओच्या छंदातलं सामान स्वतः कसं पारखायचं

रेडिओच्या सामानावर जो आकडा छापलेला असतो तो बहुतेक वेळा साफ खोटा नसतो, तो कुठल्या परिस्थितीत खरा आहे तेवढं फक्त गाळलेलं असतं आणि नवीन माणूस तिथेच फसतो. वॉकीटॉकीच्या खोक्यावर "रेंज ५० किमी" लिहिलेलं असतं. आता इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या माथ्यावर एक जण उभा राहिला आणि दुसरा खाली मोकळ्या शेतात, तर हे होईलही. पण तुम्ही बोलणार राजेंद्र नगरच्या तिसऱ्या मजल्यावरून विजय नगरच्या मित्राशी, मध्ये अख्खं इंदूर, आणि तिथे तो आकडा काही कामाचा नाही.

इंदूरच्या जेल रोडला किंवा महाराणी रोडला दुकानात विचाराल तर उत्तर मिळेल "भिया, सबसे बढ़िया यही है", ऑनलाइन घ्याल तर पाच स्टार आणि "सुपर लाँग रेंज". दोन्हीकडे विकणाऱ्याने ती वस्तू तुमच्या गच्चीवर लावून बघितलेली नसते. ते काम आपलंच आहे, आणि त्याला लॅब लागत नाही हे मला सगळ्यात आधी सांगायचंय. थोडं गणित, घरी केलेला एक अँटेना, काही रुपयांचे रेझिस्टन्स, मल्टीमीटर, वही आणि मदतीला एक माणूस एवढ्यात खूप काही कळतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ट्रान्समिट करून तपासायचं असेल तर हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन हवं आणि आपल्याकडे टू मीटर म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, वरचा बँड ४३४ ते ४३८, तेवढ्यातच. लायसनशिवाय जे वापरता येतं ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले अर्ध्या वॉटचे सेट. दुकानदार "लाइसेंस की जरूरत नहीं" म्हणत असेल आणि खोक्यावर १३६ ते १७४ व ४०० ते ५२० असं छापलेलं असेल तर त्याचा तो दावा तिथेच, काउंटरवर, खोकं वाचूनच खोटा ठरतो. लायसन नसेल तरी हरकत नाही, खालचं बरंचसं नुसतं ऐकून करता येतं.

पैसे देण्याआधी कागदावर

बरेचसे दावे पाकीट उघडण्याआधीच पडतात. व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) आणि वरच्या लहरी जवळपास सरळ जातात, त्यामुळे पोहोच ठरते उंचीवरून. हिशोब असा: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, तेवढे किलोमीटर त्या टोकाचं क्षितिज, आणि दोन्ही टोकांची बेरीज करा. हातातला सेट तोंडाशी म्हणजे दीड मीटरवर धरला तर एका टोकाचे पाच किलोमीटर, दोघांचे मिळून दहा, तेही मध्ये एकही इमारत नसताना. गच्चीवर १२ मीटरवर अँटेना लावला तर त्या टोकाचे चौदा होतात. जानापावचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८५४ मीटर आणि इंदूर साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे फरक तीनशेचा, तिथून हिशोब सत्तरच्या वर जातो. तोच सेट, तीच बॅटरी. म्हणून रेंजचा आकडा सेटचा नसतोच, तो तुम्ही कुठे उभे आहात त्याचा असतो.

याच सूत्राने विमानांचे सिग्नल पकडणाऱ्या १०९० मेगाहर्ट्झच्या अँटेनाचे दावेही बघून घ्या. विमान बारा किलोमीटर उंच असेल तर क्षितिज साडेचारशेच्या आसपास येतं, गच्चीचे चौदा त्यात टाका. मग "६०० किमी रिसेप्शन" लिहिणाऱ्याने पृथ्वीचा गोल विचारात घेतलेला नाही एवढं नक्की. (कधीमधी हवामानामुळे लहरी वाकून लांबून येतात, पण त्या दिवसांवर वस्तू विकायची नसते.)

मग वॉटचा दावा. ५ वॉटच्या जागी ८ वॉट म्हणजे २ डीबी (डेसिबल, दोन ताकदींची तुलना करायचं माप). सेटवर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा एक एस ६ डीबीचा धरतात, म्हणजे एक तृतीयांश एस. समोरच्याला कानाने हे कळत नाही, आणि जमिनीलगतच्या वाटेवर अंतर वाढलं तर साधारण बारा टक्के वाढेल. त्यासाठी जास्त पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण ठरवताना हा आकडा समोर असू द्या.

आणि गेन. अँटेना ताकद तयार करत नाही, असलेली ताकद एका बाजूला जास्त ढकलतो आणि दुसऱ्या बाजूची कमी करतो, आणि ढकलायला लांबी लागते. १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरहून थोडी लांब. पूर्ण अर्ध्या लहरीचा, म्हणजे मीटरभराचा साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेली सरळ दांडी) २.१५ डीबीआय देतो. मग वीत-दीड वीत लांबीच्या रबरी अँटेनावर टू मीटरसाठी "७ डीबीआय" कसं लिहिलंय हा प्रश्न दुकानातच विचारा. तेवढ्यासाठी तीन एलिमेंटचा यागी, म्हणजे तीन दांड्यांचा एका दिशेचा अँटेना लागतो, जो हातात धरला तर दोन्ही हात गुंततात. अजून एक बारीक चलाखी अशी की नुसतं "डीबी" लिहितात, कशाच्या तुलनेत ते लिहीतच नाहीत. डीबीडी म्हणजे डायपोलच्या तुलनेत, डीबीआय म्हणजे एका काल्पनिक बिंदूच्या तुलनेत, आणि त्या बिंदूमुळे २.१५ फुकटात वाढतात. ज्या आकड्यापुढे काहीच नाही तो आकडा मी तरी धरत नाही.

आधी एक ओळखीचा अँटेना घरी करा

सराफ्यात सोनं तपासताना कसोटीवर नुसती तुमची अंगठी घासत नाहीत, शेजारी माहितीच्या कसाची सुई घासतात आणि दोन रेघा बघतात. रेडिओतही असंच करायचं. एकटी वस्तू किती चांगली हे घरी सांगता येत नाही, पण माहितीच्या वस्तूपेक्षा ती किती बरी किंवा वाईट हे अगदी नेमकं सांगता येतं, आणि आपल्याला खरं तर तेवढंच हवं असतं.

ती माहितीची वस्तू म्हणजे पाव लहरीचा ग्राउंड प्लेन. एक एसओ-२३९ सॉकेट घ्या, घरच्या वायरिंगची जाड तांब्याची तार घ्या, मधल्या पिनेला ४९ सेंटिमीटरचा तुकडा उभा सोल्डर करा, चार कोपऱ्यांच्या भोकांना ५१-५१ सेंटिमीटरचे चार तुकडे लावून ते खाली ४५ अंशात वाकवा. झाला १४५ मेगाहर्ट्झचा अँटेना, ५० ओहमच्या जवळपास बसणारा. त्याचं वागणं भौतिकशास्त्राने ठरलेलं आहे, कुठल्या कंपनीने नाही, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. लायसन नसेल आणि एफएम ब्रॉडकास्टवर तपासायचं असेल तर १०० मेगाहर्ट्झसाठी हेच माप ७१ सेंटिमीटर होतं, बाकीचे तुकडे त्याहून दोन-तीन सेंटिमीटर मोठे.

हा बांधायला एक संध्याकाळ लागते आणि माझ्या मते छंदातली ही सगळ्यात उपयोगी संध्याकाळ, कारण यानंतर बाजारात येणारी प्रत्येक "हाय गेन" वस्तू याच्या शेजारी उभी करता येते. बऱ्याच विकतच्या वस्तू याच्याइतक्याच निघतात, काही याच्या खाली, आणि ज्या खरंच वर निघतात त्यांना पैसे द्यायला मग मन कचरत नाही.

हँडीवाल्यांनी, म्हणजे हातातला सेट वापरणाऱ्यांनी, अजून एक करून बघा, हँडीच्या अँटेनाच्या बुडाशी जी बाहेरची धातूची कड असते तिला ४९ सेंटिमीटरची साधी लवचिक वायर अडकवून खाली लोंबती सोडा. टू मीटरवर रबरी अँटेनाला जमिनीची बाजू नीट मिळत नाही, ती या वायरने मिळते, आणि खर्च जवळजवळ शून्य. महागडा लांब अँटेना घेण्याआधी ही वायर लावून तुलना करा, त्यानंतरच काय ते ठरवा.

तुलना कशी करायची, नीट

इथे जरा थांबू, कारण सगळी चूक इथेच होते. बहुतेक लोक काय करतात, जुना अँटेना काढला, नवा लावला, मित्राला विचारलं "आता कसा येतोय", मित्र म्हणाला "हां, पहिल्यापेक्षा साफ", आणि झालं. मित्राला माहीत होतं की नवीन काहीतरी लावलंय, तुम्ही गच्चीवर दोन पावलं सरकलेले होता, सेट हातात थोडा तिरका होता, यातल्या कुठल्याही एका गोष्टीने अँटेनाच्या फरकापेक्षा मोठा फरक पडतो. शहरात भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे टू मीटरवर फूट-दोन फूट सरकलं तरी सिग्नल बराच वरखाली होतो. हवं तर एखाद्या कमजोर स्टेशनवर सेट लावून गच्चीवर हळूहळू चाला, स्वतः ऐकाल.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. अँटेना लाकडी काठीला किंवा पीव्हीसी पाइपला एकाच जागी, एकाच उंचीवर लागेल अशी सोय करा, केबल तीच, सेट तोच, तुम्ही उभे तिथेच. पाठवणारा आणि ऐकणारा, दोन्ही टोकांचे अँटेना उभे हवेत, कारण एक उभा आणि एक आडवा असेल तर वीसेक डीबी तिथेच जातात आणि तुम्ही दोष अँटेनाला द्याल. सिग्नल दूरचा आणि न बदलणारा निवडा, एखादा रिपीटर (उंचावरून सिग्नल पुन्हा पाठवणारं स्टेशन) किंवा काही किलोमीटरवरचा ओळखीचा हॅम जो दर वेळी तेवढ्याच पॉवरवर दहा सेकंद कॅरिअर, म्हणजे न बोलता नुसता सिग्नल, देईल. खोलीतल्या खोलीत तपासू नका.

क्रम असा ठेवा: पहिला, दुसरा, दुसरा, पहिला. मग परत तसंच. असं केल्याने मधल्या काळात सिग्नल हळूहळू घसरत असेल तर ती घसरण दोघांना सारखी वाटली जाते. आणि शक्य असेल तर कुठला लावलाय हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका, घरातल्या कुणालातरी अँटेना बदलायला सांगा, तुम्ही पाठ करून फक्त आकडा वाचा आणि लिहा, कुठला कोणता ते शेवटी विचारा. पोरांना हे काम फार आवडतं. नवीन वस्तूचे पैसे आपण दिलेले असतात, ती चांगली निघावी असं आपल्याला वाटतच असतं, आणि हे वाटणं आकड्यात शिरू न देण्याचा दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

आता आकडा वाचायचा कुठे? स्वस्त हँडीच्या पट्ट्यांवर जाऊ नका, त्या एकदम पूर्ण भरतात नाहीतर रिकाम्या होतात. त्यापेक्षा पॅड करा, म्हणजे सिग्नल ठरलेल्या मापाने कमी करणारी जोडणी. १०० ओहमचे दोन रेझिस्टन्स आत आणि बाहेरच्या टोकांवरून जमिनीला, मध्ये ६८ ओहमचा एक, झाला साधारण १० डीबीचा पॅड. १५० चे दोन आणि मध्ये ३९ चा, तो ६ डीबीचा. असे तीन-चार छोट्या धातूच्या डब्यांत कनेक्टरसकट बांधून ठेवा. मग केबल आणि सेट यांच्यामध्ये एकेक घालत जा, जिथे आवाज फसफसाटात बुडतो तिथे थांबा. पहिल्या अँटेनाला २६ डीबी घातल्यावर बुडतो आणि दुसऱ्याला २० वरच, तर पहिला ६ डीबीने सरस, कुठल्याही मीटरशिवाय. फक्त यातून कधीही ट्रान्समिट करायचं नाही, पावभर वॉटचे रेझिस्टन्स क्षणात जळतील.

प्लास्टिकच्या हँडीत सिग्नल अँटेनाच्या वाटेने न येता सरळ अंगातून शिरतो, मग पॅड कितीही घाला, आवाज जातच नाही. उपाय म्हणजे हँडी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्याला कनेक्टर बसवा आणि आवाज इअरफोनने बाहेर काढा.

डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा यूएसबी रिसीव्हर, असेल तर अजून सोपं, फक्त सॉफ्टवेअरमधला आपोआप गेन बंद करा, गेन एका जागी घट्ट बसवा, आणि सिग्नलचा उंचवटा तळाच्या आवाजापेक्षा किती डीबी वर आहे तेवढंच लिहा. नुसता उंचवटा लिहू नका.

एसडब्ल्यूआर "१:१" ऐकून खूश होऊ नका

हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण तो खरा असूनही काही सांगत नाही. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली ताकद किती परत येते त्याचं माप, १:१ म्हणजे काहीच परत नाही. ५० ओहमच्या डमी लोडचा, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायच्या रेझिस्टन्सचा, एसडब्ल्यूआर अगदी १:१ असतो आणि तो हवेत जवळजवळ काहीच सोडत नाही. अँटेनाच्या आत रेझिस्टन्स घालून कुणीही "सगळ्या बँडवर १.५ च्या आत" लिहू शकतं. एसडब्ल्यूआर फक्त एवढं सांगतो की ताकद परत येत नाहीये, ती हवेत गेली की उष्णतेत गेली ते तो सांगत नाही.

केबल यात अजून घोळ घालते. समजा केबलमध्ये जाताना ३ डीबी गळतात. टोकाला अँटेनाच लावला नाही तरी लहर जाऊन परत येईपर्यंत ६ डीबी गळालेले असतात, आणि खाली मीटरवर एसडब्ल्यूआर दिसतो ३. गळती ५ डीबीची असेल तर वर काहीही न लावता दोनच्या आत दिसेल. ४३५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ ची पंधराएक मीटर केबल एवढी गळते. म्हणजे अँटेना उडून शेजारच्या गच्चीवर पडला तरी खाली मीटर जवळपास समाधानी.

म्हणून केबल वेगळी तपासा. छोटा व्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं यंत्र) असेल, आता कॉलेजच्या पोरांकडेही असतो, तर आधी ओपन, शॉर्ट, लोड करून कॅलिब्रेट करा, केबलचं एक टोक लावा, दुसरं मोकळं सोडा, रिटर्न लॉस (परत आलेली लहर किती डीबीने कमी झाली तो आकडा) वाचा आणि निम्मा करा, ती तुमच्या केबलची एका बाजूची गळती. आरजी-५८ ची १४५ वर शंभर मीटरला साधारण १८ डीबी यायला हवी, आरजी-२१३ ची त्याच्या निम्म्याच्या आसपास. वीस मीटर आरजी-५८ म्हणजे साडेतीन डीबीच्या वर, पाच वॉटपैकी अँटेनापर्यंत सव्वादोनच पोहोचतात. इथे ८ वॉटचा सेट घेण्यापेक्षा केबल बदलणं स्वस्त पडतं हे तुमच्याच आकड्यांनी सिद्ध होतं. मोजलेलं तारखेसकट केबलवर चिकटवून ठेवा आणि पावसाळा संपल्यावर परत मोजा, कनेक्टरमधून पाणी शिरलं असेल तर आकडा लगेच बोलतो.

व्हीएनए नसेल तर निदान केबल सोलून बघा. मधल्या तारेला लोहचुंबक लावा, चिकटला तर आत लोखंड आणि वरून तांब्याचा मुलामा. जाळीची तार चाकूने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनियमची. व्हीएचएफवर मुलामा दिलेली तार चालते कारण करंट वरच्या पापुद्र्यातूनच वाहतो, पण शॉर्टवेव्हच्या खालच्या बँडवर तीच मार खाते, आणि पैसे मात्र "प्युअर कॉपर" चे घेतलेले असतात. आणि उलटंही होतं बरं का, डिश टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६, जिला दुकानदार हलकी म्हणून हसतो, ती टू मीटरवर आरजी-५८ पेक्षा निम्मंच गळते. नुसतं ऐकायला असेल तर डोळे मिटून वापरा.

एक सावधगिरी. व्हीएनए किंवा छोट्या स्पेक्ट्रम अॅनलायझरला ट्रान्समीटर थेट कधीच जोडू नका. पाच वॉट म्हणजे ३७ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेतले डीबी), ही यंत्रं त्या पाच वॉटच्या हजारव्या भागापलीकडे सहन करत नाहीत.

वॉट आणि बॅटरी

पॉवर तपासायला १ किलोओहम, १ वॉटचे वीस रेझिस्टन्स समांतर जोडा, ५० ओहमचा २० वॉटचा डमी लोड तयार. वायर गुंडाळलेले पांढरे सिरॅमिकचे रेझिस्टन्स चालत नाहीत, ते कॉइलसारखे वागतात. साधे कार्बन किंवा मेटल फिल्म घ्या, पाय अगदी तोकडे ठेवा. लोडच्या गरम टोकाला १एन४१४८ डायोड, त्याच्या पुढे जमिनीला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि त्यावर मल्टीमीटर डीसीवर. जो व्होल्ट येईल त्यात डायोडमध्ये गेलेला अर्धा व्होल्ट मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा, आले वॉट. पाच वॉटला २२ च्या आसपास यायला हवेत, आठला २८. व्हीएचएफवर हा जुगाड थोडं कमी दाखवतो, पण दोन सेटमधला फरक किंवा हाय आणि लो पॉवरमधला फरक व्यवस्थित दाखवतो. पाच-दहा सेकंदांवर दाबून धरू नका.

याची उलटतपासणी अजून सोपी आहे. सेट बेंच सप्लायवर (व्होल्ट आणि करंट दाखवणाऱ्या टेबलावरच्या सप्लायवर) चालवून ट्रान्समिट करताना किती करंट खेचतो ते बघा. ७.४ व्होल्टवर १.२ अँपिअर म्हणजे आत जाणारेच नऊ वॉट, आणि हँडीत त्यातले निम्म्याच्या आसपास बाहेर पडतात. मग खोक्यावरचे आठ वॉट कुठून येणार? हा हिशोब चुकवता येत नाही.

बॅटरीचं थोडक्यात. १८६५० सेलवर "९९०० एमएएच" लिहिलेलं दिसलं तर पुढे चला, चांगल्या कंपनीचा या आकाराचा सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतो. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या वर भरतो, खूप हलका निघाला तर आत माल कमी आहे. मोजायचं असेल तर पूर्ण चार्ज करून १० ओहम ५ वॉटच्या रेझिस्टन्सवर लावा, साधारण ०.३७ अँपिअर वाहतो, दर अर्ध्या तासाने व्होल्ट लिहा, ३.० ला काढून घ्या, तास गुणिले करंट. खरे तीन हजार असतील तर आठेक तास जातात. रेझिस्टन्स तापतो, फरशीवर ठेवा आणि घरात असतानाच करा.

डोंगल, बूस्टर, फेराइट आणि शॉर्टवेव्ह

डोंगलवर "१ पीपीएम टीसीएक्सओ", म्हणजे तापमान बदललं तरी दहा लाखात एकाहून जास्त न चुकणारा क्रिस्टल, लिहिलेलं असेल तर १०० मेगाहर्ट्झवर चूक १०० हर्ट्झच्या आत हवी. नेमकी फ्रीक्वेन्सी माहीत असलेला एखादा स्थिर कॅरिअर पकडा, डोंगल थंड असताना सुरू करा आणि पंधरा मिनिटं वॉटरफॉलची (स्क्रीनवर वेळेबरोबर सरकणाऱ्या सिग्नलच्या चित्राची) रेघ बघत राहा. साधा क्रिस्टल असेल तर रेघ तापताना लांब तिरकी जाते, खरा टीसीएक्सओ असेल तर जवळपास सरळ राहते.

अँटेना बूस्टरवर गेन किती ते मोठ्या अक्षरात लिहितात. त्याने सिग्नल २० डीबी वर गेला आणि तळाचा आवाजही २० डीबी वर गेला तर तुम्हाला काहीच मिळालं नाही, फक्त चित्र वर सरकलं. दोघांमधलं अंतर वाढलं का तेवढंच बघा. आणि इंदूरसारख्या शहरात, जिथे एफएमचे जोरदार ट्रान्समीटर जवळच आहेत, बूस्टर लावल्यावर नको तिथे एफएमची गाणी उगवली तर समजा डोंगल गुदमरतोय. लांब केबलच्या खालच्या टोकाला, डोंगलजवळ लावलेला बूस्टर केबलमध्ये हरवलेलं परत आणत नाही, लावायचा तर वर अँटेनापाशी.

शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांनी अँटेनावर पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ घरातला गोंगाट मोजावा असं मी मनापासून सांगेन. सेलवर चालणारा रेडिओ घ्या, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकाम्या जागी लावा, घरचा मेन स्विच बंद करा. खरखर एकदम खाली बसली तर तुमचा शत्रू घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत शोधा, एलईडी बल्बचा ड्रायव्हर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, मोबाइल चार्जर, स्कूटरचा चार्जर. अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांचं काही करता येत नाही पण आपलं तरी करता येतं. "नॉइज किलर" म्हणून क्लिपवाले फेराइट (वायरवर बसवायचे चुंबकीय मणी) विकतात, वायर एकदा आरपार जाते, एवढ्याने शॉर्टवेव्हवर फारसं काही होत नाही. परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, मोठ्या रिंगवर सात वेढे घेतले तर एका वेढ्याच्या ४९ पट. लावून आणि काढून, दोन्ही वेळा खरखर ऐका, फरक नसेल तर परत करा.

शॉर्टवेव्हच्या अँटेनांची तुलना मात्र वेगळी करावी लागते, कारण तिथे सिग्नल आयनमंडलातून येतो आणि दोन मिनिटांत दहा-वीस डीबी वरखाली होऊ शकतो. आज सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा लावून काहीच कळत नाही. दोन्ही एकाच वेळी चालायला हवेत. दोन सारखे डोंगल घ्या, डायरेक्ट सॅम्पलिंगवाले (शॉर्टवेव्ह थेट पकडणारे), दोन्ही ७.०७४ मेगाहर्ट्झवर लावा, एफटी८ चे (हॅम लोकांच्या कॉम्प्युटरने वाचायच्या छोट्या डिजिटल संदेशांचे) पंधरा-पंधरा सेकंदांचे स्लॉट दोन्हीकडे डीकोड होऊ द्या, आणि तेच स्टेशन त्याच स्लॉटमध्ये दोन्हीकडे किती डीबीने आलं ते जोडीने लिहा. अर्धा वेळ झाला की डोंगल अदलाबदल करा, म्हणजे डोंगलमधला फरक निघून जातो. दिवस आणि रात्र दोन्ही घ्या, कारण एक अँटेना जवळच्या स्टेशनला बरा आणि दुसरा लांबच्याला, असं बऱ्याचदा निघतं, आणि "चांगला अँटेना कुठला" याचं उत्तर तुम्हाला कुणाशी बोलायचंय त्यावर येतं.

लायसनवाल्यांसाठी डब्ल्यूएसपीआर आहे, कमी पॉवरवर सिग्नल कुठवर पोहोचतो ते तपासायची डिजिटल पद्धत, नोबेल मिळालेल्या जो टेलर यांनी २००८ मध्ये आणलेला. दोन मिनिटांचा स्लॉट, अगदी थोडी पॉवर, आणि जगभरचे रिसीव्हर तुमचा सिग्नल किती डीबीने आला ते आपोआप नोंदवतात. त्या रिसीव्हरना तुम्ही अँटेनावर किती पैसे टाकलेत ते माहीत नसतं. एक स्लॉट या अँटेनावर, पुढचा त्या अँटेनावर, असं चार-पाच संध्याकाळ चालवा आणि दोन्हीकडे ऐकलेल्या त्याच-त्याच स्टेशनांचा फरक काढा.

वहीत प्रत्येक वेळी तारीख, वेळ, जागा, उंची, केबल, सेट आणि कोणी अँटेना बदलला एवढं लिहाच. आणि ऑनलाइन घेतलेलं सामान परत करायची मुदत थोडीच असते, तेव्हा खोकं आलं त्याच रविवारी गच्चीवर चढा, मोजा, खोकं आणि थर्माकोल फेकू नका. परत करताना "आवडलं नाही" असं लिहू नका. "१४५ वर घरी केलेल्या पाव लहरीपेक्षा ४ डीबी कमी, खोक्यावर ७ डीबीआय लिहिलंय" असं लिहा आणि मोजल्याचा फोटो जोडा, म्हणजे विकणाऱ्याला त्या आकड्याला उत्तर द्यावं लागेल.